व्हर्च्युअल डिव्हाइसच्या ड्रायव्हरमधली जुनी ठिगळं काढावीत का, आणि कशी?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क, डिस्क वगैरे पुरवायची ठरलेली पद्धत) नेटवर्क कार्डाचा एक ड्रायव्हर तुमच्या गळ्यात पडलाय, त्यात 'होस्ट जुना असेल तर' असे फाटे, म्हणजे इफ-एल्सच्या शाखा, जागोजागी आहेत (होस्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं खरं मशीन), एका ठिकाणी नुसतं 'हात लावू नये' लिहिलंय, आणि का ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

काढा. पण प्रत्येक ठिगळ कुणासाठी लावलं होतं ते कळल्याशिवाय नको.

खऱ्या हार्डवेअरचं एक बरं असतं, कधीतरी कार्ड जळतं आणि विषय संपतो. व्हर्च्युअल डिव्हाइस झिजत नाही. होस्ट नवा केला तरी लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणं) चालावं म्हणून गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, जुनाच मशीन टाइप (व्हर्च्युअल हार्डवेअरचा ठरलेला साचा) दिलेला असतो, म्हणजे आतल्या ड्रायव्हरला जुनंच डिव्हाइस दिसत राहतं. 'आमचे सगळे होस्ट अपग्रेड झालेत' या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका.

व्हर्टआयओ लिनक्समध्ये आलं २.६.२४ बरोबर, २००८ साली. त्याचं १.० स्पेसिफिकेशन नंतर ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने काढलं. त्याच्या आधीचा सगळा काळ आज 'लेगसी' म्हणून ओळखला जातो, आणि त्यातल्या काही गोष्टी आज वाचताना हसू येतं. पीसीआयवर एमएसआय-एक्स (इंटरप्ट पाठवायची एक पद्धत) चालू असेल तर डिव्हाइसची कॉन्फिग २४व्या बाइटपासून, नसेल तर २०व्या. क्यूचा (ड्रायव्हर आणि डिव्हाइस ज्यातून डेटा देवाणघेवाण करतात त्या रांगेचा) पत्ता पूर्ण द्यायचाच नाही, ४०९६ ने भागून ३२ बिटांत बसवायचा. आकड्यांची बाइट-ऑर्डर (आकड्यातली कुठली बाइट आधी येते ते) गेस्टची असेल ती. तुमच्या कोडमधले निम्मे फाटे यातूनच आले असणार.

आता माझंच हात दाखवून अवलक्षण सांगतो. लेगसीमध्ये नेटवर्क पॅकेटच्या पुढचं व्हर्टआयओ हेडर १० बाइटचं असतं, मर्ज होणारे बफर (एक पॅकेट अनेक बफरांत विभागून देणं) ठरले असतील तर १२ चं. १.० मध्ये ते कायम १२. मी १० वाला फाटा उडवला, कोड सुंदर दिसायला लागला, टेस्ट पास. काही आठवड्यांनी एका गेस्टवर नेटवर्क बंद. लिंक अप, आलेल्या पॅकेटचा काउंटर वाढतोय, पण पिंगला उत्तर नाही. टीसीपीडंप (पॅकेट उघडून दाखवणारं टूल) लावला तर इथरटाइपच्या (फ्रेममध्ये कुठला प्रोटोकॉल आहे ते सांगणाऱ्या खुणेच्या) जागी ०८०० ऐवजी ४५०० दिसत होतं. थोडा वेळ डोकं खाजवलं, मग उजेड पडला: ४५ ही आयपी हेडरची पहिली बाइट. फ्रेममधला डेस्टिनेशनचा मॅक पत्ता पाहिला तर तो ५२:५४ ने सुरू व्हायला हवा होता, तिथे त्या दोन बाइट गायब. होस्ट १० बाइटचं हेडर देत होता आणि माझा ड्रायव्हर १२ सोडून पुढे वाचत होता. सगळी फ्रेमच दोन बाइट पुढे सरकलेली.

फाटा काढला ही माझी चूक नव्हती. जुन्या डिव्हाइसला दारातच अडवलं नाही, ही होती. फाटा काढताना त्याच कमिटमध्ये फीचर बिट ३२, म्हणजे 'मी १.० बोलतो' असं डिव्हाइसने सांगणारा व्हर्जन-१, तपासा आणि तो नसेल तर स्पष्ट मेसेज देऊन प्रोब (डिव्हाइस ताब्यात घेण्याची पायरी) फेल करा. लिनक्समध्ये यासाठी ड्रायव्हरला 'व्हॅलिडेट' हा कॉलबॅक आहे. पीसीआयचा डिव्हाइस आयडी पाहून ठरवू नका. हेक्समधल्या १००० पासूनचे आयडी ट्रान्झिशनल डिव्हाइसही वापरतं, आणि त्याला जुनं-नवं दोन्ही बोलता येतं. बिट ३२ मात्र फसवत नाही, कारण पीसीआयच्या लेगसी इंटरफेसमध्ये फीचरसाठी जागाच ३२ बिटांची आहे, ० ते ३१.

दुसरा प्रकार म्हणजे बेवारस डिले. आमच्याकडे रीसेटनंतर १०० मिलिसेकंद झोप होती, कारण काहीच लिहिलेलं नाही. गिट ब्लेम केलं (ओळ शेवटची कोणी बदलली ते पाहिलं) तर नाव निघालं इंडेंटेशन नीट करणाऱ्याचं. असं झालं की ब्लेम सोडा आणि ती ओळच गिट लॉगमध्ये शोधून ती पहिल्यांदा कुठल्या कमिटमध्ये आली ते बघा. आमची निघाली एका होस्टसाठी, जो रीसेट लगेच पुरा करत नसे. १.० मध्ये याचं उत्तर लिहूनच ठेवलंय: स्टेटसमध्ये शून्य लिहायचं आणि परत वाचल्यावर शून्य येईपर्यंत थांबायचं. झोपेच्या जागी तो लूप टाकला, झालं.

बाइट-ऑर्डरची सफाई मात्र डोळे मिटून शोधा-आणि-बदला करून करू नका. बलून डिव्हाइसची (गेस्टची मेमरी कमी-जास्त करणाऱ्या व्हर्टआयओ डिव्हाइसची) कॉन्फिग लेगसीमध्येसुद्धा लिटल-एंडियनच होती, सरसकट नियमाला अपवाद. एक्स८६ वर ही चूक कधीच दिसणार नाही; बिग-एंडियन गेस्टवर चालवा तेव्हा दिसेल.

टेस्टसाठी क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याच डिव्हाइसला एकदा 'डिसेबल-लेगसी' आणि एकदा 'डिसेबल-मॉडर्न' ऑन करून गेस्ट बूट करा. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरने शहाण्यासारखा नकार द्यायला हवा. क्रॅश नाही, आणि माझ्यासारखं अर्धवट चालणं तर अजिबात नाही. एका कमिटमध्ये एकच ठिगळ काढा. बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटने आणला ते निम्मे-निम्मे करत शोधणं) करायची वेळ आली की 'जुना कोड साफ केला' नावाची चारशे ओळींची कमिट शिव्या खाते, आणि बहुतेक वेळा ती आपलीच असते. शक्य असेल तर आधीच्या एका रिलीजमध्ये लेगसी डिव्हाइस दिसल्यावर नुसती वॉर्निंग छापा. कोण अजून जुन्यावर आहे ते त्यातून आपसूक कळतं.

ती 'हात लावू नये' वाली ओळ आजूबाजूच्या दहा ओळींसकट इथे टाकलीत तर बघून सांगतो. तिथे अव्हेलेबल इंडेक्स (नवीन बफर तयार आहे हे डिव्हाइसला सांगणारा आकडा) वाढवायच्या आधीचा मेमरी बॅरियर (आधीच्या नोंदी मेमरीत आधीच दिसतील याची हमी देणारी सूचना) असेल, तर ते ठिगळ नव्हे. राहू द्या.