बेसबॉलमध्ये स्टार विकत न घेता घरचीच पोरं घडवून चॅम्पियन होता येतं का? किती वर्षं लागतात?

तुम्ही विचारलंय की न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारखा बक्कळ पैसा नसलेली टीम स्वतःच पोरं शोधून, शिकवून, मोठी करून वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल, जास्तीत जास्त सात मॅचची) जिंकू शकते का, आणि त्याला वेळ किती लागतो. जिंकू शकते. कॅन्सस सिटी रॉयल्सनी २०१५ ला जिंकली, मी ती सगळी पोरं कोवळी असल्यापासून बघत होतो. आणि वेळ लागला साडेनऊ वर्षं. पण ‘पोरं घडवली आणि जिंकले’ असं जे सांगतात ना तेवढं सरळ ते झालं नाही, कारण बरीच पोरं घडलीच नाहीत, काही विकून टाकली, आणि जी घडली त्यातली दोन-तीन आधी साफ आपटली होती.

मी तेव्हा नेब्रास्कात, ओमाहाला राहायचो. कॅन्सस सिटीहून गाडीने तीन तास. रॉयल्सची सगळ्यात वरची मायनर लीग टीम ओमाहात खेळते. मायनर लीग म्हणजे आपल्याकडच्या तालुका, जिल्हा, रणजी अशा पायऱ्या समजा, फक्त फरक हा की प्रत्येक पायरीवरच्या त्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट वरच्या मोठ्या टीमकडेच असतं. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये उचललेला पोरगा चार-पाच वर्षं बसने गावोगाव हिंडत खेळतो, आणि मोठी टीम बघत बसते हा पिकतोय की सडतोय. ड्राफ्ट पण आयपीएलच्या ऑक्शनसारखा नाही हां, बोली वगैरे काही नाही, ओळीने एकेक टीम नाव घेते आणि त्या काळात आदल्या वर्षी सगळ्यात बेकार खेळलेल्या टीमला पहिला नंबर मिळायचा.

आणि रॉयल्स बेकार होती, त्यात वादच नाही. १९८५ ला वर्ल्ड सिरीज जिंकली त्यानंतर २०१४ पर्यंत प्लेऑफचं तोंड बघितलं नाही. २००४, २००५, २००६ अशी सलग तीन वर्षं शंभर किंवा त्याहून जास्त मॅच हरले. जून २००६ मध्ये डेटन मूर नावाचा माणूस अटलांटाहून जनरल मॅनेजर म्हणून आला. त्याने मालकाला सरळ पोरं घडवण्याचा रस्ता धरायला लावला, म्हणजे ड्राफ्टवर पैसे सोडा, डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलात माणसं फिरवा, वरची टीम काही वर्षं हरली तरी घाबरू नका.

(तसं रॉयल्सचं हे वेड जुनंच. पहिले मालक युइंग कॉफमन, औषधांच्या धंद्यातले, त्यांनी १९७० ला फ्लोरिडात सारासोटाला एक अकॅडमी काढली होती, बेसबॉल धड न खेळलेल्या पण पळायला चपळ अशा पोरांना घेऊन खेळाडू बनवायची. चार वर्षांत बंद पडली. पण त्यातून फ्रँक व्हाइट निघाला, कॅन्सस सिटीचाच पोरगा, जो आधी रॉयल्सचं स्टेडियम बांधणाऱ्या गँगमध्ये कामाला होता आणि नंतर त्याच स्टेडियमवर खेळून आठ गोल्ड ग्लव्ह, म्हणजे फिल्डिंगची बक्षिसं, घेऊन गेला.)

आता त्या काळातल्या ड्राफ्टचे नंबर बघा म्हणजे गंमत कळेल. २००६ ला पहिला नंबर, घेतला ल्यूक होशेव्हार. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरला क्लेटन करशॉ गेला, जो पुढे त्याच्या पिढीतला सगळ्यात भारी पिचर (म्हणजे आपला बोलर) झाला. २००७ ला दुसरा नंबर, माइक मुस्टाकस. २००८ ला तिसरा, एरिक हॉस्मर, साठ लाख डॉलर बोनस देऊन. २०१० ला चौथा, क्रिश्चन कोलोन. २०११ ला पाचवा, बुबा स्टार्लिंग, कॅन्ससचाच लोकल पोरगा, त्याला ७५ लाख डॉलर दिले आणि तो मेजर लीगला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला, पोचला २०१९ साली, तोवर सगळं आटपलं होतं. स्टार्लिंगच्या मागे तीन नंबरवर फ्रान्सिस्को लिंडोर होता, पुढे मोठा स्टार झालेला. म्हणजे नुसता वरचा नंबर मिळाला म्हणून चांगला खेळाडू मिळतो असं काही नसतं.

मी पहिल्यांदा मॅच बघायला गेलो ते २०१० च्या उन्हाळ्यात, ऑफिसातला एक जण ओढून घेऊन गेला. जुनं रोझनब्लॅट स्टेडियम, प्राणिसंग्रहालयाला खेटून. मी आपला क्रिकेटवाला, मला काही कळत नव्हतं, पण मॅचच्या आधी लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, एक उंच माणूस एकटाच भिंतीजवळ उभा होता आणि कोच त्याला चेंडू मारून देत होता, एक भिंतीवर आपटून, एक डोक्यावरून, एक समोर टप्प्यावर, आणि तो प्रत्येक वेळी उचलून सेकंड बेसकडे फेकायचा (रन काढायला फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस गाठत परत होमला यायचं असतं), परत जागेवर, परत तेच. अर्धा तास. मित्र म्हणाला हा अ‍ॅलेक्स गॉर्डन, आपल्या लिंकनचा पोरगा, २००५ च्या ड्राफ्टचा दोन नंबर, याला पुढचा जॉर्ज ब्रेट म्हणत होते. (ब्रेट म्हणजे रॉयल्सचा सचिन समजा.) थर्ड बेसवर आणि बॅटिंगमध्ये तो इतका फसला की वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याला खाली ओमाहाला धाडला, नवीन जागा शिक म्हणून. थर्ड बेसवर मागून मुस्टाकस येतच होता. मला वाटलं संपला हा बिचारा. पुढच्याच वर्षी त्याने लेफ्ट फील्डमधून फेकून वीस जण बाद केले, गोल्ड ग्लव्ह घेतला, आणि असे एकूण आठ घेतले.

हॉस्मरचं तर अजून भारी आहे. २००९ ला त्याची बॅट चालेचना. साठ लाखांचा पोरगा आणि बॉल धड लागत नाही. मग लक्षात आलं की त्याला नीट दिसतच नाहीये, डोळ्यात दोष, त्याचं लेझर ऑपरेशन केलं आणि २०१० ला हा गडी .३३८ ने (म्हणजे हजारात ३३८ वेळा हिट) मारायला लागला. २०११ च्या एप्रिलमध्ये ओमाहाच्या नव्याकोऱ्या वर्नर पार्कमध्ये मी स्वेटर घालून कुडकुडत त्याला बघितलाय. २६ मॅच खेळला, .४३९, आणि मे महिन्यात वर गेला. माझ्या मते पोरं घडवणं म्हणतात ते हे. नुसतं बॅटिंग शिकवणं नव्हे, पोरगा का फसतोय ते चिकाटीने शोधणं, आणि तोवर त्याला फेकून न देणं.

त्या २०११ च्या सुरुवातीला बेसबॉल अमेरिका मासिकाच्या टॉप १०० पोरांच्या यादीत रॉयल्सचे नऊ जण होते. सगळे म्हणायचे इतिहासातली सर्वोत्तम फार्म सिस्टिम, म्हणजे पोरं घडवायची खालची साखळी. त्यात चार डावखुरे पिचर होते. चारपैकी रॉयल्ससाठी नीट चालला एकच, डॅनी डफी. एकाचा खांदा-कोपर, एकाचा कंट्रोल, काही ना काही. एक माइक माँटगोमेरी, त्याला विकला, तो फिरत फिरत शिकागो कब्जला गेला आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट त्याने घेतला. असं असतं. चार लावले की एक येतो असाच हिशोब धरायचा, म्हणून तर ढिगाने लावावे लागतात.

ढिगाने लावायचं दुसरं कारण म्हणजे विकायला. डिसेंबर २०१२ ला मूरने विल मायर्सला टँपाला देऊन टाकला. मायर्सला मी २०१२ चा अख्खा उन्हाळा ओमाहात होम रन (आपला सिक्सर समजा) मारताना बघितला होता, माझा एकदम लाडका, मी तर दोन दिवस ऑफिसात कुणाशी धड बोललो नाही. बदल्यात आले जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस. मायर्स पुढच्या वर्षी रुकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतला सर्वोत्तम, झाला आणि डेव्हिस पहिल्या वर्षी पिचर म्हणून मार खात होता, सगळे मूरला शिव्या घालत होते आणि मी पण त्यात होतो. मग २०१४ ला डेव्हिसला बुलपेनमध्ये टाकला, म्हणजे मॅचच्या शेवटी येऊन टाकणाऱ्यांत, आणि तो इतका अफाट टाकायला लागला की आठवी इनिंग आली की (मॅच नऊ इनिंगची असते, बरोबरी असली तर पुढे चालते) समोरच्यांची मॅच संपलेलीच. मी चुकलो होतो. त्याच्याही आधी २०१० मध्ये स्वतःच घडवलेला झॅक ग्रिंकी मिलवॉकीला देऊन लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार आणले होते. म्हणजे ज्यांना लोक बाहेरून आणलेले म्हणतात ना, ते पण घरच्या पोरांच्या बदल्यातच आले. घरचं सोनं मोडून घेतलेली गाडी.

सगळेच पहिल्या फेरीचे नव्हते हेही सांगायला पाहिजे. कॅचर (आपला विकेटकीपर) साल्वाडोर पेरेझ, व्हेनेझुएलाचा, २००६ ला सोळा वर्षांचा असताना ६५ हजार डॉलरमध्ये घेतला. पिचर योर्डानो व्हेंचुरा, डॉमिनिकन रिपब्लिकचा, २८ हजारात. बारीक अंगाचा पोरगा आणि ताशी शंभर मैलाने टाकायचा. जॅरड डायसन, २००६ च्या ड्राफ्टच्या पन्नासाव्या म्हणजे एकदम शेवटच्या फेरीत, फक्त पाय होते म्हणून.

कसली टीम बनवायची हे पण ठरलेलं होतं. कॉफमन स्टेडियमचं आउटफील्ड प्रचंड मोठं, तिथे होम रन मारणारे महागडे पैलवान आणून उपयोग नाही, म्हणून पळणारे, पकडणारे, बॅटला बॉल लावणारे घ्यायचे. २०१४ ला ही टीम होम रनमध्ये सगळ्यात शेवटची होती आणि बेस स्टील करण्यात, म्हणजे फटका न बसताच पळून पुढचा बेस गाठण्यात, पहिली. ३० सप्टेंबरला ओकलंडविरुद्ध आठव्या इनिंगला ७-३ ने मागे होते, मी टीव्ही बंद करून झोपायला निघालो होतो, पळून पळून बाराव्या इनिंगला ९-८ ने जिंकले. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच एका रनने हरले, गॉर्डन थर्ड बेसवर उभा राहिलेला. ते दुःख लिहीत बसत नाही.

आणि मग २०१५. १ नोव्हेंबर, रविवार, न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्ध पाचवी मॅच. मेट्सचा पिचर मॅट हार्वी, जो २०१० च्या ड्राफ्टमध्ये कोलोनच्या मागे तीन नंबरवर होता, म्हणजे ज्याला रॉयल्सनी सोडला होता तोच, आठ इनिंग एक रन देत नाही. नवव्या इनिंगला हॉस्मरने डबल (म्हणजे थेट सेकंड बेस गाठणारा फटका) मारून एक रन आणला, मग थर्डवर पोचला, पेरेझचा जमिनीवरून गेलेला साधा फटका, मेट्सच्या थर्ड बेसमनने फर्स्टकडे फेकला आणि त्याचा हात सुटल्या क्षणी हॉस्मर होमकडे सुटला. वेडेपणा होता. फर्स्टवरून होमला नीट फेक आली असती तर मॅच तिथेच संपली असती. फेक बाहेर गेली. २-२.

बारावी इनिंग मी कितीही वेळा बघू शकतो. ६५ हजारवाला पेरेझ सिंगल मारतो, म्हणजे फर्स्ट बेस गाठतो. त्याच्या जागी पळायला पन्नासाव्या फेरीतला डायसन येतो आणि सेकंड बेस स्टील करतो. गॉर्डन, तोच रोझनब्लॅटच्या भिंतीजवळचा, आउट होतो पण डायसनला थर्डवर पोचवतो. आणि मग बॅटिंगला येतो क्रिश्चन कोलोन. सगळ्यांनी फुकट गेलेला पिक म्हणून सोडलेला, त्या वर्षीच्या अख्ख्या प्लेऑफमध्ये एकदाही बॅट हातात न घेतलेला. लेफ्टला सिंगल. डायसन घरी. पुढे धो धो रन आले, ७-२. आणि जिंकणारा पिचर म्हणून नाव कुणाचं लागलं? ल्यूक होशेव्हार. करशॉला सोडून घेतलेला तो. मी रात्री साडेअकराला सोफ्यावर उभा होतो आणि बायको म्हणत होती शेजारी पोलीस बोलावतील.

आता खरं सांगायचं तर त्या टीमला शेवटचा धक्का बाहेरच्यांनीच दिला. जुलै २०१५ ला जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्ट आणले, त्यासाठी पाच तरुण पिचर दिले. त्यातला ब्रँडन फिनेगन तर जून २०१४ ला ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळला होता आणि त्याच ऑक्टोबरमध्ये रॉयल्सकडून खरी वर्ल्ड सिरीज. एका वर्षात विकला गेला. व्होल्केझ, मोरालेस हे तर फ्री एजंट म्हणून पैसे देऊनच घेतलेले. तेव्हा शंभर टक्के घरचे असं काही नव्हतं. पाया घरचा, वरचा स्लॅब बाहेरचा.

आणि हे टिकत नाही, ते पण धरून चाला. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, वाटेल तिकडे जाऊ शकतो. सगळी पोरं एकदम वर आली म्हणजे सगळी एकदमच सुटणार. २०१७ संपल्यावर हॉस्मर, केन, मुस्टाकस तिघांची मुदत एकदम संपली. हॉस्मर सॅन डिएगोला १४४ मिलियनला गेला. व्हेंचुरा तर त्याआधीच, जानेवारी २०१७ मध्ये, गाडीच्या अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. २०१८ ला टीम १०४ मॅच हरली. म्हणजे जिथून निघाले होते तिथेच परत, मग परत वरचे नंबर, २०१९ ला दोन नंबरवर बॉबी विट ज्युनियर, आणि २०२४ ला परत प्लेऑफ.

त्या प्लेऑफमध्ये जुन्यातला एकच जण खेळत होता. पेरेझ. कॅप्टन. तो ६५ हजारवाला.