गाय पान्हा चोरते, वासराला चीक कधी पाजायचा? : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या गाईची धार इतकी वर्षं सासूबाई काढायच्या. आता त्यांना गुडघ्यामुळे खाली बसवत नाही म्हणून मी बसते, तर ती पाय झाडते. कास भरलेली दिसते पण दूध निम्मंच येतं आणि मी उठले की वासरू मात्र मस्त पोटभर पितं. घरातले म्हणतात मलाच धार काढता येत नाही. पान्ह्याचं इंजेक्शन देऊन टाकू का?

उत्तर : नको, इंजेक्शन अजिबात नको. सारखं देत गेलं तर तिला त्याचीच सवय लागते आणि मग त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. आणि घरच्यांना सांगा, वासराचं पोट भरतंय म्हणजे दूध कासेत आहे, फक्त गाय ते तुमच्या हाताला सोडत नाहीये. बरंचसं दूध कासेत वर बारीक पिशव्यांमध्ये असतं, ते नुसतं पिळून खाली येत नाही. वासराने ढुशी दिली, कास चोळली, ओळखीच्या बादलीचा आवाज आला की गाईच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन रक्तात सुटतं, ते मिनिटभरात कासेपर्यंत पोचतं, पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडात, म्हणजे आचळात, उतरतं. हा जोर जेमतेम 5 ते 7 मिनिटं टिकतो. गाय बिचकली, कोणी खेकसलं, काठी बसली की भीतीचं हार्मोन वाढतं आणि पान्हा तिथेच थांबतो, म्हणून तिला मारून किंवा पाय आवळून बांधून दूध वाढेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

काही दिवस सासूबाईंना गोठ्यात खुर्ची टाकून द्या. त्यांनी नेहमीसारखं गाईशी बोलायचं, जमेल तेवढी कास चोळून द्यायची आणि सड भरून ताठ झाले की तुम्ही पिळायला बसायचं. वेळ तीच, बादली तीच, बसायची बाजूही तीच ठेवा. आणि नुसतं धारेपुरतं जाऊ नका हो, चारा टाकणं, पाणी दाखवणं, खरारा करणं हे सगळं तुमच्याच हातून होऊ दे, म्हणजे तुमचा वास आणि हात तिच्या ओळखीचा होईल. एकदा पान्हा उतरला की मधे उठायचं नाही, फोन वाजला तर वाजू दे. रोज दूध मागे राहत गेलं तर कास दूध बनवणंच कमी करते, म्हणून हे लवकर मार्गी लावा.

हाताचंही बघा. अंगठा दुमडून सड खाली ओढायची सवय असेल तर सडाला आतून इजा होते, दुखतं म्हणूनही जनावर पाय झाडतं. पूर्ण मुठीने पिळा, वरून खाली एकेक बोट मिटत. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत काढून बघत जा. त्यात गुठळ्या दिसल्या, दूध पाणचट आलं किंवा कासेचा एखादा भाग गरम, कडक लागला तर तो कासदाह, मग घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. धार झाल्यावर पुढ्यात चारा टाका म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहील, सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो आणि लगेच ओल्यात बसली तर जंतू आत जातात.

प्रश्न : आमची गाय या महिन्यात वेणार आहे. वडील म्हणतात वार (व्याल्यानंतर बाहेर पडणारं गर्भाचं आवरण) पडेपर्यंत वासराला चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजायचा नाही. मला हे पटत नाही पण त्यांच्याशी वाद कसा घालू?

उत्तर : वाद नका घालू दादा, पण चीक थांबवू नका. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून येते आणि वासराचं आतडं ती पहिले काही तासच नीट शोषून घेतं, 24 तासांनंतर जवळजवळ बंद. पहिल्या दोन तासांत पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात वजनाच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे 30 किलोचं वासरू असेल तर तीन लिटर, तोही दोन-तीन वेळा विभागून. वडिलांना हे जरूर सांगा की वासरू लुचलं की वर सांगितलेलं तेच हार्मोन सुटतं, त्याने गर्भाशयही आवळलं जातं आणि वार पडायला मदतच होते.

वार बहुतेक वेळा 8 ते 12 तासांत पडते. लोंबत राहिली तरी ओढायची नाही, तिला दगड-वीट बांधायची नाही, आत तुटून राहिली तर गर्भाशय सडतं. 12 तास उलटले की डॉक्टर. तोवर वासराची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवून घ्या, नाक-तोंडातला चिकट द्रव पुसून काढा आणि बाकी गाईला चाटू द्या, ते काम तिच्यासारखं कोणालाच जमत नाही.

प्रश्न : कोंबडी खुडूक झालीये. खाली एकही अंडं नाही तरी खुराड्यातून हलत नाही, हात घातला की फुगून टोचते. पाण्यात बुडवावी का?

उत्तर : बिचारीला बुडवू नका. पिल्लं हवी असतील तर रात्री हळूच फळलेली अंडी खाली सरकवा, 21 दिवसांत पिल्लं निघतील, फक्त ती रोज एकदा उठून दाणा-पाणी घेते का ते बघा. पिल्लं नको असतील तर खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणा-पाणी समोर ठेवून काही दिवस ठेवा. पोटाखालची ऊब गेली की तिचा बसायचा हट्ट सुटतो. बाकीच्यांची अंडी रोजच्या रोज उचला.

प्रश्न : मुलांसाठी एकच शेळी आणली, दिवसभर ओरडते. खाणं-पिणं व्यवस्थित आहे.

उत्तर : ती एकटी आहे म्हणून ओरडते. शेळी कळपातलं जनावर, माणसं कितीही लाड करू देत, तिला दुसरी शेळीच लागते. सोबतीला शेळी किंवा खच्ची केलेला बोकड आणा, पण आल्या आल्या एकत्र सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळं बांधा आणि हगवण, खोकला, नाकातून शेंबूड, तोंडात फोड असं काही दिसतं का बघा. आणि ओरडणं एक-दोन दिवसच असेल, शेपटी सारखी हलत असेल आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच होत असेल तर ती माजावर येतेय, तारखा लिहून ठेवा.