इलेक्ट्रॉनने की आम्लाने?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

अमिनियम क्षाराची (इलेक्ट्रॉन खेचून घेणाऱ्या क्षाराची) चिमूट टाकताच दोन अल्कीनांची (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या रेणूंची) जोडणी दहा मिनिटांत पुरी झाली, असे तू कळवलेस. वाचून आनंद झाला. पण ती रॅडिकल कॅटायनमुळेच, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूमुळेच झाली, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

या अभिक्रियांची भुरळ मला ठाऊक आहे. १,३-सायक्लोहेक्साडाइनचे दोन रेणू नुसत्या उष्णतेने जोडायचे तर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास तापवावे लागते, कारण दोघेही इलेक्ट्रॉन देणारे, घेणारा कोणीच नाही. १९८१ मध्ये नेथन बॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनियम क्षाराने त्यांपैकी एकाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि हेच काम शून्य अंशाला काही मिनिटांत झाले. खरी गंमत पुढे आहे. जोडणीनंतरच्या कॅटायनात डाइनची (दोन दुहेरी बंधांच्या त्या मूळ रेणूची) संयुग्मित, म्हणजे एकाआड एक दुहेरी बंधांची रचना उरत नाही, त्यामुळे तो मूळ डाइनपेक्षा इलेक्ट्रॉनसाठी अधिक आसुसलेला असतो. तो शेजारच्या ताज्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, स्वतः उदासीन होतो आणि त्या रेणूला त्याच वाटेला लावतो; हीच साखळी. म्हणून केवळ अभिकारकाचे नव्हे, तर उत्पादिताचेही ऑक्सिडीकरण विभव (इलेक्ट्रॉन काढायला लागणारे विभव) मोजत जा; उत्पादितच सहज इलेक्ट्रॉन देणारे निघाले, तर साखळी तिथेच अडते.

आता माझी शंका. अमिनियम क्षार विघटित होताना तीव्र आम्ल सुटते, आणि अल्कीनांना जोडायला आम्लही पुरेसे असते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी यातच फसलो. डायक्लोरोमिथेन या द्रावकातला क्षाराचा तो गडद निळा रंग विरताना पाहिला की इलेक्ट्रॉन गेला असे मी धरून चालायचो. अखेर एका फ्लास्कमध्ये २,६-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन हा आम्ल टिपून घेणारा आम्लारी आधी घालून पाहिला: तासाभरानंतरही द्रावण निळेच होते आणि टीएलसीच्या (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे दाखवणाऱ्या) पट्टीवर अल्कीनचा ठिपका जसाच्या तसा. ऑक्सिडीकारक क्षार हजर होता, पण आम्ल टिपले गेल्यामुळे काम बंद होते. दुसऱ्या फ्लास्कमध्ये क्षाराशिवाय नुसते ट्रायफ्लिक आम्ल टाकले आणि तेच उत्पादित मिळाले. वर्षभराची मांडणी मला पुन्हा लिहावी लागली.

प्रकाशाने इलेक्ट्रॉन काढणार असशील, तरी सावध राहा. दिवा बंद केल्यावर अभिक्रिया थांबते म्हणजे साखळी नाही, हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण साखळ्या क्षणार्धात संपतात. अनेथोल (एक अल्कीन) आणि आयसोप्रीन (एक डाइन) यांच्या रुथेनियम-उत्प्रेरित जोडणीत क्वांटम उत्पन्न ४४ मोजले गेले आहे, म्हणजे शोषलेल्या एका फोटॉनमागे ४४ रेणू. असे मोजमाप केल्यावाचून साखळी नाकारू नकोस.

तेव्हा पुढचा लेख लिहायला घेण्याआधी ते दोन्ही फ्लास्क लाव. रंग किती वेळ टिकला आणि ठिपका केव्हा हलला, ते वेळेसह वहीत नोंद आणि मला कळव.

तुझा,
मार्गदर्शक