नायलॉनच्या आधीची पुस्तकं

मागच्या अंकात माझ्या कपाटातल्या जुन्या गिर्यारोहणाच्या पुस्तकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : दादा, मी राजारामपुरीत राहतो, तीन वर्षं झाली क्लाइंबिंग करतोय. आमच्या ग्रुपमधले सीनियर सारखं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांचं कौतुक सांगत बसतात. आता हेल्मेटवर कॅमेरा लावून अख्खा क्लाइंब बघायला मिळतो, मग त्या पिवळ्या पानांत असं काय आहे?

उत्तर : भावा, व्हिडिओ मीपण बघतो, चांगले असतात. पण व्हिडिओत हात कुठं गेला ते दिसतं, हात टाकायच्या आधी माणूस तिथं दहा मिनिटं का थांबला होता ते दिसत नाही, बहुतेक वेळा ती दहा मिनिटं कापूनच टाकलेली असतात. जुन्या पुस्तकांत नेमकी तीच दहा मिनिटं असतात.

आणि माझ्या मते याचं कारण दोर आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत क्लाइंबिंगचा दोर मनिलाचा नाहीतर तसल्याच झाडाच्या धाग्यांचा असायचा, भिजला की जड व्हायचा, गोठला की सळीसारखा ताठ, गाठसुद्धा सुटायची नाही. तो नायलॉनसारखा ताणत नाही, त्यामुळं लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढं चढणारा, पडला तर सगळा झटका दोरावर आणि कंबरेवर, आणि तो टिकेल याची खात्री कुणीच देत नव्हतं. म्हणून नियम एकच, लीडरनं पडायचं नाही. आज आपण कातळात ठोकलेल्या बोल्टला दोराची क्लिप मारली आणि खाली बिलेला, म्हणजे दोर सांभाळायला, भरवशाचा माणूस असला की जरा धाडस करून बघतो, सुटलो तर सुटलो. त्यांना ती सोयच नव्हती. प्रत्येक होल्ड, म्हणजे हातापायाला धरायची जागा, ठोकून-चाचपून घ्यायचा, परत फिरता येईल का ते आधी बघायचं, मगच वजन टाकायचं, आणि खाली आल्यावर हे सगळं लिहून काढायचं. वाचताना आपल्या तळहाताला घाम येतो तो यामुळं.

एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाचं आल्प्सवरचं १८७१ चं पुस्तक घे. १४ जुलै १८६५ ला सात जण तिथल्या मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पोचले, जगात पहिल्यांदा, आणि उतरताना हॅडो नावाचा १९ वर्षांचा नवखा पोरगा घसरला, खालच्या क्रोझ या वाटाड्यावर आदळला, पाठोपाठ हडसन आणि डग्लस ओढले गेले. वर राहिले व्हिंपर आणि टाउगवाल्डर बाप-लेक, त्यांनी कातळ धरून ठेवला, आणि मधला दोर तुटला. नंतर तपासलं तर चांगले दोर शिल्लक असताना त्या जागी सगळ्यात जुना, सगळ्यात कमजोर दोर बांधलेला निघाला. त्या दोराचा तुकडा पायथ्याच्या झेरमॅट गावातल्या म्युझियममध्ये आजही ठेवलाय.

माझ्याकडची प्रत लक्ष्मीपुरीत रद्दीच्या ढिगात सापडलेली, पाठीचं कापड उसवलेलं, आणि त्या दोराच्या पानावर समासात कुणीतरी पेन्सिलनं उभी रेघ मारलीय, एवढी दाबून की मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागते. मारणारा कोण होता कुणास ठाऊक, पण डोंगरात जाणारा होता हे नक्की. ते पान वाचून पंधरा दिवस झाले असतील, आम्ही एका नाळेत, म्हणजे उभ्या घळीत, रॅपल करून दोरावरनं उतरणार होतो, अँकरला, म्हणजे दोर अडकवायच्या जागी, आधीच्या कुणीतरी सोडलेली स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, होती, उन्हानं पांढरी पडलेली. सोबतचा म्हणाला, चालतीय की, सगळे हिच्यावरनंच उतरतात. मी ती कापली आणि आमच्या सॅकमधली नवीन घातली, दहा मिनिटं गेली, पाऊस भरून आला होता, सगळे वैतागले. कापलेली स्लिंग खाली आल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघितली तर शिवणीत उसवली. तुझे सीनियर त्या पिवळ्या पानांत काय बघतात ते हे.

प्रश्न : मी गडहिंग्लजला शाळेत शिकवते, मुलांना घेऊन पन्हाळा ते पावनखिंड दरवर्षी करते. वाचायची खूप हौस आहे पण हे जुनं इंग्रजी जड जातं, कूलॉर, कोल, सेराक असले शब्द आले की अडायला होतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बाई, यातले निम्मे शब्द तुमच्या पायांना आधीच माहीत आहेत. कूलॉर म्हणजे आपली नाळ, लिंगाण्याकडं जाताना बोराट्याची नाळ उतरतो ना तसलीच, फक्त धोंड्यांच्या जागी बर्फ. कोल म्हणजे खिंड. रिज म्हणजे सोंड, ती निमुळती होत चाकूसारखी झाली की आरेत, आपली धार. सेराक तेवढा आपल्याकडं नाही, हिमनदी उतारावर वाकताना फुटते आणि वाड्याएवढे बर्फाचे सुळके उभे राहतात, ते कधी कोसळतील याचा नेम नसतो. असे पंधरा-वीस शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, तिसऱ्या पुस्तकाला वही लागणार नाही.

सुरुवात मी फेलिचे बेनुत्सीच्या माउंट केनियाच्या पुस्तकानं करायला सांगेन, १९५२ ला ते इंग्रजीत आलं. १९४३ सालची गोष्ट, हा इटालियन माणूस केन्यात इंग्रजांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत अडकलेला, पावसाळी ढग हटले आणि तारेच्या कुंपणापलीकडं डोंगर दिसला, आणि याच्या डोक्यात एकच, तिथं जायचं. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठी बुटाला लावायचे खिळे, भंगारातून बनवले, हातोड्यांची आइस ॲक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, केली, खाटांच्या जाळीची सुतळी काढून दोर वळले, खायचं महिनोन्महिने साठवलं, आणि नकाशा म्हणाल तर मांसाच्या डब्यावरचं डोंगराचं चित्र. तिघं पळाले, मोठ्या शिखरापुढं हात टेकले, धाकट्या लेनाना शिखरावर झेंडा लावला, आणि उपाशीपोटी स्वतःच्या पायांनी परत छावणीत आले. २८ दिवसांची अंधारकोठडी मिळाली, ती कमांडंटनं त्यांची खिलाडूवृत्ती बघून सातावर आणली. ही गोष्ट तुमच्या आठवी-नववीच्या वर्गात नुसती तोंडी सांगा, पोरं हलणार नाहीत जागची.

तिथून मग डब्ल्यू. एच. मरेच्या स्कॉटलंडवरच्या पुस्तकाकडं जा. हाही युद्धकैदीच, याने पहिला खर्डा कैदेत टॉयलेट पेपरवर लिहिला, तो गेस्टापोनं, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, काढून घेतला, आणि अर्धपोटी अवस्थेत या माणसानं सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. १९४७ ला ते छापून आलं. आठवणीतून लिहिलेला बर्फ आहे तो, त्यामुळं प्रत्येक पायरी जपून ठेवल्यासारखी येते. आणि हिमालयाचं वाचायचं असेल तर हिमालयन जर्नलचे १९२९ पासूनचे जुने लेख नेटवर फुकट आहेत, छोटे आहेत, रोज एक होतो.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, ट्रेकिंग करते. ही पुस्तकं साहेबांची. त्यात ओझी वाहणाऱ्यांना कूली म्हणतात, शेर्पांची नावंसुद्धा धड येत नाहीत. आपण का म्हणून ती डोक्यावर घ्यायची?

उत्तर : ताई, डोक्यावर घेऊच नका, वाचा. आणि वाचताना जिथं राग येतो तिथं थांबा, मीही थांबतो. १८९५ ला नंगा पर्बतवर ममरी हा इंग्रज गिर्यारोहक गेला तेव्हा त्याच्याबरोबर रघोबीर थापा आणि गोमन सिंग हे दोन गुरखेही गेले, तिघांचा मृत्यू एकच, पण ममरीचं नाव सगळ्यांना माहीत आणि या दोघांचं विचारलं तर चांगले वाचणारेसुद्धा गप्प बसतात. ७ जून १९२२ ला एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखाली हिमलोट आला, सात जण गेले, सातही ओझी वाहणारे.

पण याच पुस्तकांत हॉवर्ड सॉमरवेलही आहे. तो त्या हिमलोटात होता, वाचला, आणि १९३६ च्या पुस्तकात त्यानं सरळ लिहिलंय की मेलेल्यांत आमच्यातला एकही गोरा का नव्हता याची टोचणी त्याला लागली. पेशानं सर्जन. त्या मोहिमेनंतर भारत फिरताना त्रावणकोरात नेय्यूरचं मिशन हॉस्पिटल बघितलं, तिथली गर्दी बघितली आणि लंडनची करिअर सोडून तिथंच राहिला, आयुष्यातली बरीच वर्षं. १९२४ ला एव्हरेस्टला गेला तो तिथूनच. त्या वेळी २८ हजार फुटांवर त्याचा घसा एवढा सोलवटला होता की उतरताना आतलं कातडं सुटून श्वासनलिकेत अडकलं, श्वास बंद, बर्फात बसला मरायला, शेवटचा जोर लावून छाती दाबली आणि ते बाहेर पडलं. त्याच दिवशी, ४ जूनला, त्याचा जोडीदार नॉर्टन ऑक्सिजनशिवाय एकटा २८,१२६ फुटांपर्यंत गेला, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं, घड्याळ बघितलं, दुपारचा एक, आणि मागं फिरला. १९७८ पर्यंत ऑक्सिजनशिवाय त्याच्यावर कुणी गेल्याची पक्की नोंद नाही. मला विचारशील तर हे फिरणं शिखरापेक्षा जास्त वेळा वाचलंय मी.

आणि दुसरी बाजूपण छापलेली आहे हो. तेनझिंगला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यानं सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहून घेतलं, १९५५ ला आलं ते पुस्तक, माथ्यावर हिलरी आधी पोचला हे त्यानं स्वतःहून त्यात सांगितलं. आंग थारके या शेर्पाचं आत्मचरित्र १९५४ ला फ्रेंचमध्ये आलं आणि इंग्रजीत यायला २०१६ उजाडलं, बासष्ट वर्षं. शिप्टन-टिलमन या इंग्रज गिर्यारोहक जोडीनं १९३४ ला ऋषीगंगेची घळ पार केली, नंदादेवीभोवतीच्या डोंगरकड्यांच्या आत पहिल्यांदा माणूस पोचला, तेव्हा हा आंग थारके सोबत होता. शिप्टनचं पुस्तक आणि याचं पुस्तक शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : या लेखकांवर कितपत विश्वास ठेवायचा? सगळे स्वतःला हिरो करत असणार. (इचलकरंजीहून)

उत्तर : काही करतात. मोरिस हर्झॉग या फ्रेंच गिर्यारोहकाचं अन्नपूर्णावरचं पुस्तक घ्या, ३ जून १९५०, माणूस पहिल्यांदा आठ हजार मीटरच्या शिखरावर पोचला. उतरताना हातमोजे सटकून खाली घरंगळत गेले, सॅकमध्ये जादा पायमोजे होते ते हातात चढवायचं सुचलं नाही, बोटं गेली. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यानं पुस्तक सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहून घेतलं. वाचताना वाटतं दोघं एकदिलानं वर गेले. पण जोडीदार लाशनालच्या टिपणांत वेगळंच आहे, त्याला पायांच्या काळजीनं परत फिरायचं होतं, हर्झॉग एकटा गेला तर परत येणार नाही असं वाटलं म्हणून तो वर गेला, देशाच्या मानासाठी नाही, दोरावरच्या जोडीदारासाठी. लाशनाल १९५५ ला हिमभेगेत पडून गेला, टिपणं काटछाट करून छापली, पूर्ण छापायला १९९६ उजाडलं. मी दोन्ही मानतो. एका दोरावरच्या दोघांना एकच डोंगर वेगळा दिसतो, आपल्या ग्रुपमध्येही परत आल्यावर दोघांचे दोन किस्से असतातच की.

प्रश्न : वडील गेले, त्यांची अशी पन्नासेक पुस्तकं आहेत. रंकाळ्याजवळ घर, पावसाळ्यात ओल येते, कसर लागलीय. काय करू?

उत्तर : काका, आधी भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढं ओढा. पावसाळ्यात कोरडा दिवस मिळाला की पुस्तकं उभी उघडून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, पानं कडक होतात. मऊ ब्रशनं कसर झाडा, कडुनिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवा आणि तो दर दोन महिन्यांनी बदला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात लावू नका, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन जाते. ठेवायची नसतील तर रद्दीत देण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात किंवा एखाद्या गिर्यारोहण संस्थेत विचारा. वडिलांनी समासात काही लिहिलं असेल तर ते खोडू नका. आणि त्यात टिलमनचं १९३७ चं नंदादेवी निघालं तर मला जरूर कळवा, विकत मागणार नाही, मागं घडीचा नकाशा अजून शाबूत आहे का तेवढं बघून जाईन.