वाचकांचे प्रश्न : इराईच्या खडकावरचे ओरखडे

प्रश्न : ताई, मी एमएस्सी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव कोरपना तालुक्यात. बाबांकडे पाच एकर, कापूस-सोयाबीन. मला अंटार्क्टिकावर संशोधन करायचं आहे, पण आमच्या कॉलेजात तिकडं गेलेलं कोणीच नाही. तरुण ध्रुवीय संशोधकांचं नेटवर्क असतं असं ऐकलं. माझ्या नावावर एकही पेपर नाही, इंग्रजी कच्चं. मला घेतील का? फी किती? आणि आई म्हणते, "बर्फात जाऊन का करतं वं तू?" तिला काय सांगू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, घेतात. 'एपेक्स' नावाची जागतिक संघटना आहे, 2007-08च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या सुमारास विद्यार्थ्यांनीच उभी केलेली. सदस्यत्व फुकट, पेपरची अट नाही. देशोदेशी तिच्या शाखा आहेत. आपल्याकडं इंडियन पोलर रिसर्च नेटवर्क आहे. पण नाव नोंदवलं की कोणी जहाजात बसवून देत नाही, हे आधीच सांगते. मोहीम चालवते गोव्यातली, वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. तिथं एखाद्या विद्यापीठाचा किंवा संस्थेचा प्रकल्प मंजूर व्हावा लागतो आणि तुझं नाव त्या प्रकल्पात असावं लागतं. मग वैद्यकीय तपासणी, मग औलीला बर्फातलं प्रशिक्षण.

मग नेटवर्क कशाला? माझंच सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रस्ताव मागवल्याचं परिपत्रक आमच्या विभागात आलं होतं. ते एका टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं आणि मला कळलं तेव्हा तारीख उलटून बारा दिवस झाले होते. वर्ष गेलं. पुढच्या वेळी अशाच एका गटातल्या केरळच्या मुलीनं दोन महिने आधी निरोप धाडला, "या वर्षी अमुक सरांच्या प्रकल्पात क्षेत्रकामाला माणूस हवाय, आजच लिही." माझा चारशे शब्दांचा सारांश तिनं कापून सव्वादोनशेवर आणला. पहिली चार वाक्यं तर पार उडवली, कारण त्यांत मी नुसती नमस्कार-चमत्कार करत बसले होते. राग आला होता तेव्हा. इंग्रजी कच्चं असणाऱ्याला हीच शाळा. आमच्या सरांना हे शिकवायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते येतही नव्हतं.

बारीकसारीक गोष्टीही तिथंच कळल्या. वहीत पेन्सिलीनंच लिही, थंडीत बॉलपेन दगा देतं. हातमोजे दोन घाल, आत पातळ, वर जाड. होकायंत्राचं झाकण जाड मोज्यानं उघडत नाही. तिथल्या उन्हाळ्यात मैत्रीवर, म्हणजे अंटार्क्टिकावरच्या आपल्या केंद्रावर, सूर्य मावळत नाही, झोपायची सोय बघून ठेव. मी डोळ्यांवर ओढणी बांधून झोपायचे, आपल्याकडं उन्हात बाया तोंडाला बांधतात तशी. मैत्री 1989चं केंद्र, शिर्माकर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात. तिथल्या नाइस नावाच्या कठीण दगडावर पहिला हातोडा मारला तेव्हा झिणझिण्या थेट कोपरापर्यंत आल्या. आवाज मात्र आपल्या खाणीतल्यासारखाच!

आता सगळ्यात महत्त्वाचं. "मी काहीच केलेलं नाही" असं पुन्हा लिहू नकोस. तुझ्या जिल्ह्यात इराई नावाच्या गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात चुनखडक उघडा पडलाय. ज्याचं तुमच्याकडं सिमेंट होतं त्याच जातीचा. त्याच्या अंगावर समांतर ओरखडे आहेत. ते हिमनदीनं काढले, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, अंटार्क्टिका आणि आपण गोंडवन नावाच्या एकाच जुन्या महाखंडात होतो तेव्हा. वर तालचीर नावाचा थर आहे, हिमनदीनं आणून टाकलेल्या गोटे-मातीचा. ब्रिटिश काळात फेडन या भूशास्त्रज्ञानं हे ओरखडे नोंदवले. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात डांबर वितळतं तिथं बर्फ सरकल्याची खूण आहे, आणि तुमच्या कॉलेजची सहल दरवर्षी महाबळेश्वरला जाते! ओरखड्यांची दिशा मोज, पंचवीस-तीस ठिकाणी. पुढं ज्यांना पत्र लिहिशील त्यांना हे दोन ओळींत सांग. "मला ध्रुवांची फार आवड आहे" हे मात्र लिहू नकोस, ते सगळेच लिहितात.

राहिली आई. तिला सोयाबीनवरून सांग. सप्टेंबरात शेंगा वाळायला लागतात आणि नेमका तेव्हाच धो-धो पाऊस येतो, झाडावरच दाण्याला कोंब फुटतात, हे तिनं पाहिलं असेल. आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ कमी झाला की मध्य भारतात मोसमाच्या शेवटी अतिवृष्टीची शक्यता वाढते, असा संबंध गोव्याच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021मध्ये मांडला. संबंध म्हटलंय बरं, प्रत्येक पावसाचा दोष बर्फावर ढकलू नकोस. तुझी आई शेतकरीण आहे, लगेच पकडेल. माझ्या आईनं हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग एवढंच विचारलं, "मंग बर्फ परत बसवता येते का तुमाले?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं डब्यात तिळाच्या चटणीची पुडी तेवढी जास्तीची भरली.

इराईला एप्रिल-मेमध्ये जा, पात्र उतरलेलं असतं. सकाळी नऊच्या आत, दगड तापायच्या आधी. तिरप्या उन्हात ओरखडे स्पष्ट दिसतात. फोटो काढताना बाजूला दहाचं नाणं ठेव, म्हणजे माप कळेल. एक प्रत मला पाठव.