उंबऱ्यातला बुटांचा ढीग

पहिला बर्फ पडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळाभर सासू-सुना आणि व्हिसा, डिसेंबर उजाडला की बूट. यंदा अशी पाच पत्रं एकदमच घेते. मी मूळची मिरजेची, 1993 पासून कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागात. इतके हिवाळे काढले, इतक्या उंबऱ्यांवर एका पायावर नाचले, तेवढ्या भांडवलावर बोलते आहे.

प्रश्न : मावशी, मी सप्टेंबरमध्ये लग्न होऊन ब्रॅम्प्टनला आले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका कॅनेडियन सहकाऱ्याने ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी घरी पार्टीला बोलावलंय. मी ड्रेस आणि हिल्स घेऊन ठेवलेत. नवरा म्हणतो, इथे घरात बूट काढतात. गोऱ्यांच्या घरीसुद्धा? की तो मला बनवतोय? आणि एवढ्या छान ड्रेसवर मी अनवाणी फिरू का?

उत्तर : बनवत नाहीये गं, खरं सांगतोय. माझ्यावर विश्वास ठेव, कारण मी ठेवला नव्हता.

माझा पहिला डिसेंबर. आमच्या यांच्या साहेबांकडे जेवण. मी मिरजेत पाहिलेल्या इंग्रजी सिनेमांत माणसं बुटांसकट पलंगावर लोळायची, त्यामुळे 'या लोकांत बूट काढत नाहीत' हे माझं पक्कं ज्ञान. दार उघडल्यावर बाईंनी 'या, या' म्हटलं आणि मी जी आत शिरले ती थेट सोफ्यापर्यंत. बसले, मान वर केली, तर समोरचे आठही जण मोज्यांवर. मागे वळून पाहिलं. साय-रंगाचा गालिचा आणि त्यावर दारापासून माझ्यापर्यंत तपकिरी चिखलबर्फाचे ठसे, एकेक पाऊल मोजून घ्यावं असे. कोणी एक शब्द बोललं नाही. साहेबांची म्हातारी आई तेवढी ओलं फडकं घेऊन आली आणि माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत गुडघ्यावर बसून पुसायला लागली. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर कॅनडात घरात शिरताना बूट काढणं हा रिवाजच आहे, गोऱ्या-काळ्याचा प्रश्न नाही. पोरं शाळेतसुद्धा आत घालायचे बूट वेगळे ठेवतात. सीमेपलीकडे अमेरिकेत मात्र घर तशी तऱ्हा. बफेलोला माझी नणंद असते, तिच्या शेजारणीकडे पार्टीला सगळे बुटांसकट वावरतात, आणि मी एकटी मोज्यांवर उभी राहून पुन्हा वेडी ठरले होते.

अनवाणी फिरायचं कारण नाही. बर्फाचे बूट घालून जा, आतले बूट कापडी पिशवीत घे. दारात बदल. इथल्या बायका सर्रास करतात. मात्र ते हिल्स असतील तर टाचेखालची रबरी टोपी तपासून घे. ती झिजून आतला खिळा डोकावत असेल तर लाकडी जमिनीवर खळगे पडतात आणि पुढच्या पार्टीचं आमंत्रण येत नाही. सपाट तळाचे असतील तर उत्तमच. नवऱ्याला आदल्या दिवशी विचारायला सांग, 'बायको आत घालायचे बूट आणणार आहे, चालेल ना?' एवढं विचारलं की झालं.

आणि यजमान 'अहो राहू द्या, नका काढू' म्हणाले तर त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ. ते मोज्यांवर असतील तर काढ.

प्रश्न : ताई, संक्रांतीचं हळदीकुंकू यंदाही माझ्याकडे आहे. पस्तीस जणी येतात. गेल्या वर्षी दारात बुटांचा असा डोंगर झाला की दार उघडेना. पाणी वाहत स्वयंपाकघरापर्यंत आलं, नव्या लाकडी जमिनीवर पांढरे डाग पडले आणि एक मैत्रीण दुसरीचेच काळे बूट घालून ओकव्हिलला गेली. वहाणा काढायला आपल्या बायकांना सांगावं लागत नाही, पण काढल्यावर हे असं होतं. काय करू?

उत्तर : तुमचं दुखणं मला पुरतं ठाऊक आहे. आपल्याकडे दारात वहाणा काढायचं वळण लहानपणापासूनचं, पण ते वळण कोल्हापुरी चपलेच्या मापाचं आहे. चप्पल काढायला अर्धा क्षण, ठेवायला वीतभर जागा. बर्फाचा बूट म्हणजे बादलीच. चेन, नाडी, आत लोकरीचं अस्तर, तळाच्या खाचांत अडकलेला बर्फ. पस्तीस जणींच्या सत्तर बादल्या.

आधी ते पांढरे डाग. ते मीठ आहे, रस्त्यावर टाकतात ते. आपल्या ह्युरॉन सरोवराकाठच्या गोडरिच गावी, सरोवराच्या तळाखाली साधारण 550 मीटर खोल मिठाची खाण आहे, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण. 1866 साली तेलाच्या शोधात भोक पाडायला गेले आणि मीठ लागलं. अशा खाणींतलं मीठ ट्रकमधून रस्त्यावर, रस्त्यावरून बुटावर आणि बुटावरून तुमच्या दिवाणखान्यात. पारा उणे 10 च्या खाली गेला की नुसतं मीठ फारसं कामाचं राहत नाही, मग वाळू-खडी टाकतात. ती आत आली की पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणजे मिठाने डाग आणि खडीने ओरखडे. खारट पाणी फळ्यांच्या सांध्यात मुरलं तर फळी फुगते, ती पुन्हा बसत नाही.

बुटांवरच्या पांढऱ्या रेघांना अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर, फडक्याने टिपून घ्यायचं. जमिनीला मात्र व्हिनेगर लावू नका, पॉलिश मंद पडतं. कोमट पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं, बस. पाणी वाळायची वाट बघत बसू नका.

आता बंदोबस्त. माझ्याकडचा सांगते, तीन हळदीकुंकवांत रडतखडत जमलेला. दारातली जागा दोन भागांत वाटायची, ओली बाजू आणि कोरडी बाजू. ओल्या बाजूला कडा असलेले प्लॅस्टिकचे बूट ट्रे, त्यांत जुने आंघोळीचे टॉवेल. कोरडी बाजू म्हणजे पायपुसण्यापासून पुढे. आणि दोन्हींच्या बरोबर हद्दीवर एक बुटकं बाकडं. खरी मेख त्या बाकड्यात आहे. बाई उभ्याने बूट काढते तेव्हा काय होतं? एक पाय मोकळा होतो, तोल जातो, आणि तो मोज्यातला पाय नेमका थारोळ्यात पडतो. मग ती ओला मोजा घेऊन तुमच्या घरभर शिक्के मारत फिरते, आणि ओल्या मोज्याखाली जोडवी टोचतात ते वेगळंच. बाकड्यावर ओल्या बाजूला पाय सोडून बसायचं, बूट काढायचा, पाय उचलून कोरड्या बाजूला वळवायचा. मग दुसरा. पहिल्या पाच जणींना मी स्वतः शिकवते, पुढच्या बघून शिकतात.

बूट बदलू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. दोन-दोन चिमट्यांवर एकच आकडा लिहायचा, एक चिमटा बुटांच्या जोडीला, एक बाईच्या पर्सला. देवळाबाहेर चप्पल सांभाळणारा बिल्ला देतो, तसं. माझ्या सुनेला याचं फार हसू येतं, पण तिच्याच मैत्रिणीचे बूट गेले होते.

पस्तीस जणींना एका वेळी बोलावू नका. निम्म्या दोन ते चार, निम्म्या चारनंतर. रथसप्तमीपर्यंत मुभा आहे आपल्याला, हवं तर दोन शनिवार करा. निरोपातच लिहा, 'गाडीपासून दारापर्यंत निऱ्या वर खोचून या, आत लेगिंग्ज घाला.' पैठणीचा काठ एकदा मिठाच्या चिखलातून ओढला गेला की ड्रायक्लीनवालाही हात टेकतो. वर कोट, कोटाखाली खोचलेली साडी, खाली गुडघाभर बूट, असं ध्यान आम्ही सगळ्याच जणी करतो. एकमेकींचे फोटो मात्र आत आल्यावर काढतो.

आणि वाण. गेल्या वर्षी मी स्टीलच्या वाट्या सोडल्या आणि तळाला रबरी ठिपके असलेले लोकरी मोजे लुटले, तेसुद्धा दारात, बाकड्यावर बसल्या बसल्या. आधी वाण, मग हळदीकुंकू. आमच्या आजीने या उलट्या क्रमाला नाक मुरडलं असतं. पण त्या दिवशी माझ्या घरात एकीचेही पाय गार नव्हते, आणि तिळगुळाच्या वड्या संपेपर्यंत कोणी उठलं नाही.

प्रश्न : सासरे नाशिकहून चार महिन्यांसाठी आलेत. वय 76, मधुमेह जुना, तळपायांना फारसं कळत नाही. डॉक्टरांनी अनवाणी चालू नका असं बजावलंय. एका पार्टीत यजमानीणबाई 'आमच्याकडे सगळेच काढतात' म्हणून अडून बसल्या. बाबा भीडेपोटी मोज्यांवर दोन तास वावरले. मी चुकलो का?

उत्तर : तुम्ही तिथे बोलायला हवं होतं, एवढी तुमची चूक. बाकी चूक त्या बाईंची. नियम जमिनीसाठी असतो, तो एखाद्याच्या तळपायापेक्षा मोठा कसा? त्या पायात खेळण्याचा तुकडा रुतला तरी बाबांना कळणार नाही, आणि मधुमेहात अशी छोटी जखम महिनोन् महिने चिघळत बसते.

बाबांना एक जोड फक्त घरात घालायचा घ्या. पुढून बंद, मऊ, तळ न घसरणारा, वेल्क्रोच्या पट्टीचा. तो कधीही रस्त्यावर उतरवायचा नाही, कोरा तळ हेच त्याचं पारपत्र. यजमानांना निघण्याआधी फोन करा, दारात नको. दारात मागचे कुडकुडत असतात, बाबा ओशाळतात, आणि सगळ्यांना ऐकू जातं. फोनवर सरळ सांगा, 'सासऱ्यांना डॉक्टरांनी अनवाणी चालायला मनाई केलीय, त्यांचे घरातले स्वच्छ बूट आणतोय, आणि दारात एक खुर्ची ठेवाल का?' खुर्ची विसरू नका. या वयात वाकून चेन ओढणं म्हणजे व्यायाम नाही, धोका आहे. लांब दांड्याचा शू-हॉर्न गाडीतच ठेवा.

जाता जाता, बाबा घरात कंटाळले असतील तर टोरंटोत ब्लूर स्ट्रीटवरच्या बाटा शू म्युझियमला न्या. 1995 पासून तिथे आहे, बुटाच्या खोक्यासारखी इमारत, आत जगभरची पायताणं काचेमागे. तिथे बूट काढा म्हणून कोणी अडवणार नाही.

प्रश्न : आम्ही डाउनटाउनला चौदाव्या मजल्यावर राहतो. दारात जागा नाही. पाहुण्यांचे बूट बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवले तर?

उत्तर : डोंबिवलीच्या चाळीत चालतं, इथे नाही. आगीच्या वेळी वाट मोकळी हवी म्हणून बहुतेक इमारतींत याला मनाई असते, आणि शेजारी तक्रार करतात. बाथटबमध्ये टॉवेल अंथरा आणि बूट तिथे रचा. पार्टीत कोण आंघोळ करणार आहे? फक्त हीटरच्या झरोक्यावर ठेवू नका, कातडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांत पाणी शोषतात.

प्रश्न : पार्टीत बूट काढल्यावर कळलं की मोज्याला अंगठ्याशी भोक आहे. संध्याकाळभर एका पायावर दुसरा पाय ठेवून बसलो. असं झालं तर काय करावं? एक अविवाहित.

उत्तर : बाथरूममध्ये जाऊन मोजे अदलाबदल करा. उजव्याचा डाव्यात घातला की भोक करंगळीकडे जातं, तिथे कोणी बघत नाही. डिसेंबर ते मार्च कोटाच्या खिशात एक जास्तीचा जोड ठेवा. आणि माझ्याकडे आलात तर सुई-दोरा बाकड्याच्या खणात आहे, मागायचीही गरज नाही.