गाडी थंड असतानाच बघायला जा

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत, जुनी मर्सिडीज घेऊ का, जुनी ऑडी घेऊ का, बारा लाखात बीएमडब्ल्यू मिळतेय सोडू का. म्हणून मायलेजचे आणि हॅचबॅकचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : सर नमस्कार. सांगलीत आमचा हळदीचा व्यापार आहे. पुण्यातल्या एका डीलरकडे २०१४ ची मर्सिडीज ई २५० सीडीआय बघितलीय, फर्स्ट ओनर, कंपनीच्या नावावर, ६८ हजार रनिंग, साडेबारा लाख सांगतोय. वडिलांची फार इच्छा होती की दारात एकदा मर्सिडीज उभी राहावी, ते आता नाहीत पण ते डोक्यातून जात नाही. बायको म्हणते तेवढ्यात नवीन एसयूव्ही येते. डीलर म्हणतो दोन दिवसांत टोकन द्या नाहीतर गाडी जाईल. काय काय बघू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ते दोन दिवस डोक्यातून काढा. ही गाडी गेली तर अजून मिळेल, ई क्लास पुण्यात चाकणलाच बनते आणि या मॉडेलच्या भरपूर गाड्या बाजारात आहेत.

वडिलांची इच्छा म्हणून घेताय यात मला काहीच चुकीचं वाटत नाही, पण मग ती गाडी दारात उभी न राहता चालती राहिली पाहिजे, म्हणून स्पष्ट सांगतो. ही गाडी नवीन होती तेव्हा चाळीस लाखांच्या वर होती, आज साडेबाराला मिळतेय कारण गाडीची किंमत पडलीय, पार्टची पडलेली नाही. इंजेक्टर, टर्बो, गिअरबॉक्सचं काम, हेडलाइट, ह्या सगळ्याची बिलं आजही चाळीस लाखांच्या गाडीचीच येतात. त्यामुळे तुमच्याकडे साडेबाराच असतील तर गाडी नऊ-साडेनऊची शोधा आणि उरलेले बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात त्यातले बरेचसे लागतीलच असं धरून चाला.

आता बघायला जाताना डीलरला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही, आणि सकाळी पहिल्यांदा जा, आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. बोनेट गरम लागलं तर तिथून परत फिरा, दुसऱ्या दिवशी जा. हे मी इतकं ठासून का सांगतोय तर काही वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाला एक जर्मन डिझेल सेडान मीच पास करून दिली होती, आम्ही दुपारी पोचलो, गाडी आधीच गरम करून ठेवलेली होती आणि मी ते मनावर घेतलं नाही. घरी आणल्यावर पहिल्या थंडीच्या सकाळी इंजिनातून साखळी घासल्यासारखा आवाज, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, गेलेली. तीन लाखांच्या आसपास बिल झालं आणि गाडी महिनाभर गॅरेजला होती. तो काही बोलला नाही पण मला अजून त्याच्यासमोर गाडीचा विषय काढता येत नाही.

तुमच्या ई २५० मध्ये ओएम ६५१ नावाचं २१४३ सीसीचं चार सिलेंडरचं डिझेल इंजिन आहे, ताकदीला २०४ पीएस, इंजिन तसं दणकट आहे, पण त्याची टायमिंग चेन पुढे नसून मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या ५२० डी मधल्या एन ४७ इंजिनातही तेच, आणि तिथे तर चेनचं दुखणं जगभर गाजलं. चेन मागे म्हणजे काम निघालं की अर्धी गाडी उतरवावी लागते, पार्ट कमी आणि मजुरी जास्त. म्हणून थंड इंजिन स्टार्ट करताना पहिले पाच-दहा सेकंद बोनेटपाशी कान देऊन उभे राहा आणि एका माणसाला मागे सायलेन्सरकडे उभं करा. खडखड आवाज, निळसर धूर, ओबडधोबड थरथर, यातलं काही दिसलं तर डीलर ‘जुनं डिझेल आहे, असंच असतं’ म्हणेल. तसं नसतं.

दुसरी गोष्ट स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. डीलरच्या ओळखीचा फिटर नको, स्वतःचा माणूस न्या जो जर्मन गाड्याच करतो, आणि स्कॅन फक्त इंजिनाचा नाही तर सगळ्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक छोट्या कॉम्प्युटरचा करायला लावा, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग सगळं. स्कॅन एकदम स्वच्छ आला तरी खूश होऊ नका, कोड आदल्या संध्याकाळी पुसलेले असू शकतात, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसतं, तो आकडा १२ किंवा २० आला तर समजून जा. रनिंगचा आकडासुद्धा फक्त मीटरमध्ये नसतो, काही मॉड्यूलमध्येही साठतो, मीटर मागे करणारा सगळीकडे हात लावतोच असं नाही.

६८ हजार खरे का, हे अजून एका ठिकाणी कळतं. कंपनीच्या नावावरची गाडी म्हणजे बहुतेक ड्रायव्हर चालवणार आणि साहेब मागे बसणार, त्यामुळे सगळे ड्रायव्हर सीट बघतात, तुम्ही मागची डावी सीट बघा. त्या सीटचं लेदर, तिथला आर्मरेस्ट, त्या दाराचं हँडल जर घासून गुळगुळीत झालं असेल आणि ब्रेक पेडलचं रबर पण झिजलेलं असेल तर मुंबई-पुणे रोज झालेलं असणार, मग ६८ चे १ लाख ६८ पण असू शकतात. आणि खरं सांगू, एक्सप्रेसवेवर चाललेली आणि वेळेवर ऑइल बदललेली दीड लाखाची गाडी मला शहरात रांगत चाललेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा चालेल, फक्त आकडा खरा पाहिजे आणि पैसे त्या हिशोबाने दिले पाहिजेत. शोरूमला चेसिस नंबर घेऊन जा, मालकाच्या संमतीने सर्व्हिस हिस्ट्री मागा, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं.

बॉडीचं म्हणाल तर प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते, एक काच वेगळ्या कंपनीची किंवा नंतरच्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा. पेंटची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर न्या, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, अडीचशे-तीनशे आला तर पुन्हा रंगवलंय आणि आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. एखादा बंपर रंगवलेला असणं काही गुन्हा नाही, छताला किंवा खांबांना पुट्टी असेल तर मात्र गाडी सोडा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही शिल्लक दिसो सहा-सात वर्षांचे टायर म्हणजे चार नवीन टायरचे पैसे किमतीतून कमी.

मग चालवायला कात्रजचा जुना घाट घ्या, डीलर म्हणेल इथेच सोसायटीला चक्कर मारू, नको म्हणा. चढाला गिअर बदलताना मागून ढकलल्यासारखा धक्का बसतोय का, थांबून पुन्हा निघताना उशीर होतोय का हे बघा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ असतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, बीएमडब्ल्यूला गिअरबॉक्स देणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदला म्हणते, ते बदलल्याचं बिल मागा. स्पीडब्रेकरवर खालून टकटक आली तर लोअर आर्म आणि बुश, म्हणजे सस्पेन्शनचे पार्ट, आपल्या रस्त्यांवर ते जातातच, घाबरायचं नाही पण घासाघीस करायची. एसी लावून ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं उभी करा. शेवटी लिफ्टवर चढवून खालून ऑइलचे डाग बघा.

एवढं सगळं नीट निघालं आणि वर सांगितलेले दुरुस्तीचे पैसे वेगळे बाजूला असतील तर अकरा-सव्वाअकराला घ्या. आणि ताईंना बघायला सोबत न्या, नवीन गाडीची वॉरंटी सोडताय हे त्यांना माहीत असू द्या, नंतर घरात बोलणी नकोत.

प्रश्न : दादा, दिल्ली पासिंगची २०१६ ची ऑडी ए ६ डिझेल आठ लाखात मिळतेय, इथे नाशिकला तीच गाडी बारा-तेरा सांगतात. एजंट म्हणतो एनओसी मी करून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवू नका असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या सुमाराला दिला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं, त्यावर नंतरही कोर्टात बरंच चाललं, पण तिथल्या मालकांच्या मनात भीती बसली आणि दहाव्या वर्षाच्या आसपास चांगल्या डिझेल गाड्या पडेल भावात निघतात. म्हणजे स्वस्त आहे म्हणून खराबच आहे असं नाही. आपल्याकडे आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, १५ वर्षांची धरतात, त्या हिशोबाने गाडीला अजून काही वर्षं आहेत.

पण आठ लाख हा आकडा खरा नाही. गाडी महाराष्ट्रात आणून एमएच नंबर घ्यायचा तर इथला वन टाइम टॅक्स पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या मूळ किमतीवर, वयाप्रमाणे कमी करून, आणि महागड्या डिझेल गाडीला हा टॅक्स भरपूर असतो. एजंट हे शेवटी सांगतो. नाशिक आरटीओत जाऊन या गाडीला नक्की किती बसेल ते आधी लिहून आणा आणि तो आकडा, ट्रकचं भाडं आणि एजंटचे पैसे मिळवून मग तुलना करा, फरक लाख-दीड लाखाचाच उरला तर इथलीच घ्या जिचा मालक समोर बसून बोलतो.

एनओसी म्हणजे गाडी दुसरीकडे न्यायला जुन्या आरटीओची ना-हरकत, फॉर्म २८, तो नाशिकच्या आरटीओच्या नावानेच निघाला पाहिजे, पूर्ण पैसे द्यायच्या आधी निघाला पाहिजे. सोबत मालकी बदलायचे सह्या झालेले फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीवर एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेली आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे, ब्लॅकलिस्टमध्ये आहे का हे दोन मिनिटांत दिसतं, चलनं वेगळी बघा. गाडी प्रत्यक्ष न बघता फोटोवरून घेऊ नका, पैसे वाचवायचे तर तिथलाच एखादा ऑडी करणारा मेकॅनिक तपासणीला ठरवा, त्याला जाणारे पाच-दहा हजार वाया जात नाहीत.

प्रश्न : मी चिपळूणचा. नातेवाइकांच्या ओळखीने एक सेडान बघितली, आतून एकदम चकाचक, पण एसी लावला की ओलसर वास येतो. २०२१ च्या पुरात आमची स्वतःची गाडी गेलीय म्हणून भीती वाटते. कसं ओळखायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमची भीती बरोबर आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्याच्या दोन वर्षं आधी २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत तेच झालं, त्या गाड्या कुठेतरी गेल्याच ना, धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा, बाहेर असतो तो भाग धुतात, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. पुढच्या सीटच्या खालचे रेल आणि बोल्ट टॉर्च लावून बघा, गंज चढलाय का. कार्पेट उचलून खालचा फोम हाताने दाबा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात बारीक माती बघा, वायरींच्या सॉकेटमध्ये हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर बघा. लक्झरी गाडीत हे जास्त जपायचं कारण असं की तिची बरीचशी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल खालीच असतात, सीटखाली, मधल्या कन्सोलखाली, डिकीत. एअरबॅगचं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याच्या आसपास खाली बसवलेलं असतं, म्हणजे पाणी गुडघ्याइतकं आलं तरी तो भाग बुडतो, आणि ते आज चालतं आणि सहा महिन्यांनी बंद पडतं.

अजून एक कागद मागा, चालू इन्शुरन्स पॉलिसी. त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. पहिल्या बिनक्लेमच्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. एकाच मालकाची सात वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, तर क्लेम झाला असेल किंवा पॉलिसी मध्येच तुटली असेल, मालकाला सरळ विचारा आणि क्लेमचे कागद मागा. वास फक्त एसीचा पाइप तुंबल्यामुळे पण येतो, त्यामुळे आधी बाकीचं तपासा, पण सीटबेल्टवर रेघ दिसली की नातेवाइकांचा मान ठेवत बसू नका.

प्रश्न : काका, मी ठाण्याची, पहिलीच गाडी घेतेय. ५१ हजार टोकन दिलं, नंतर स्कॅनमध्ये गिअरबॉक्सचे एरर निघाले. डीलर म्हणतो टोकन परत मिळणार नाही. आता काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बाळा, आधी फोनवर भांडणं बंद कर, जे बोलायचं ते लिहून बोल. स्कॅनचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठव, गाडी जशी सांगितली तशी नाही म्हणून सौदा रद्द करतेय आणि टोकन अमुक तारखेपर्यंत परत करा असं सरळ मराठीत लिही. जाहिरातीत ‘नॉन ॲक्सिडेंट, इंजिन-गिअर ओके’ वगैरे लिहिलं होतं का, त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, उद्या तो जाहिरात काढून टाकेल. पावतीवर ‘नॉन रिफंडेबल’ छापलेलं असलं तरी खोटं सांगून घेतलेले पैसे त्या एका ओळीने त्याचे होत नाहीत. तारीख उलटली की ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार कर, कितीतरी डीलर तिथून फोन गेल्यावरच हलतात, आणि नाहीच हलला तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तू राहतेस त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस टाकता येते, डीलर पनवेलचा असो की पुण्याचा.

दुसरी गाडी बघशील तेव्हा टोकनच्या पावतीवर एवढं लिहून घे : ‘खरेदीदाराच्या मेकॅनिकने तपासणी व स्कॅन केल्यावर गाडी पसंत न पडल्यास पूर्ण टोकन ७ दिवसांत परत.’ खाली सही आणि शिक्का. या डीलरचं काय झालं ते मला कळव, पत्राची वाट बघतो.